रुखसतीपर्यंत पोरगी आमची

८ जानेवारी २०२४, अमरावती

धर्मपाल सरांनी परदेशी जाणाऱ्यायच्या इंग्रजी क्लासमध्ये सांगितलं, रोज एक पान इंग्रजीत डायरी लिहा, परीक्षेच्या रायटिंगले कामी येते. मी चार ओळी लिहिल्या. माय नेम इज नगमा, आय अ‍ॅम अ स्टाफ नर्स. मंग आज मेट्रन बाईनं पूर्ण वॉर्डासमोर मले कसं झापलं ते लिहायले गेली, तं इंग्रजी तिथंच सरली. तिच्यासाठी जे शब्द पाह्यजेत ते मले इंग्रजीत येत नाहीत. म्हणून मराठी. घरात आमी हिंदी बोलतो, पण माही शाळा झेडपीची, लिहायले बसलं का हात मराठीतच चालते. या वहीत मी जमंल तवर सगळ्यायलेच मराठी बोलायले लावीन. आन् अम्मीले मराठी वाचता येत नाही, हे सगळ्यात बेस.

निकाहले वर्ष झालं. दानियाल अकोल्याचा. कॅनडात शिकायले गेला, आता तिकडेच एका गोदामात सुपरवायझर आहे. तीन आठवड्याची सुटी घेऊन आला, निकाह झाला, सातशे माणूस जेवलं आन् तो वापस गेला. रुखसती बाकी राहिली. पाठवणी पीआर आल्यावर करू, असं दोन्ही घरानं ठरवलं. पीआर म्हणजे तिकडे कायमचं राहायचा परवाना. तो आला का दानियाल मले बोलावणार, मी तिकडे जाणार, त्याच्याजवळ राहणार आन् नर्सचंच काम करणार. तवर मी सासरची नाही आन् माहेरीही आता पाव्हणीच.

अब्बाची फळाची अडत आहे. तोंडात एकच वाक्य: रुखसतीपर्यंत पोरगी आमची. निकाह झाल्यावर दानियाल घरी भेटायले आला तवा अम्मी दोघायच्या मधात बसून मटार सोलत होती. नवरा इकडे, बायको तिकडे, मधात अडीच किलो मटार. तो गेला तवा मटार संपला नव्हता.

२५ जानेवारी

दानियाल म्हणते, व्हॉट्सअ‍ॅपवरचा निकाहचा फोटो काढ. नजर लागते. मी दोन दिवस रुसली, मंग काढला. आता मोगऱ्याचा ठेवला. शालूच्या वावरातला. शालू माह्याच वॉर्डात आहे, तिच्या घरी फुलाची शेती. तिनं विचारलं, "त्याच्या डीपीवर काय आहे?" मी म्हटलं, गाडी. "तुहा फोटो होता का कधी?" मी म्हटलं, त्याले दिखावा नाही आवडत. शालूनं तोंड वाकडं केलं. तिले माणसाचं चांगलं दिसतच नाही.

लग्नाची नोंदणी करून घेऊ म्हणून मी फोटो, साक्षीदार सगळं जमवून ठेवलं होतं. तेही तो म्हणते, राहू दे, रुखसतीनंतर दोघं सोबत जाऊ. सोबत जाऊ म्हटलं तं मले बरंच वाटलं.

१२ एप्रिल

काल ईद झाली. अकोल्याहून ईदी आली, दानियालचा मोठा भाऊ साजिद स्वतः घेऊन आला. ताट भरून! ड्रेस, हिरव्या-लाल चुड्या, मेंदी, शेवया, खारका, अत्तर. अम्मीनं ते ताट गल्लीतल्या प्रत्येक बाईले दाखवलं. दूधवाल्यालेही दाखवलं.

जेवण झाल्यावर साजिदनं एका कन्सल्टंटले फोन लावला, दानियालच्या पीआरचा अर्ज तोच भरून राहिला. फोन स्पीकरवर टाकला आन् अब्बापुढं धरला. तिकडून माणूस विचारते, "लडकी कभी लडके के साथ रही है क्या?"

अब्बा लाल झाले. "तौबा! रुखसती तक लडकी हमारी है. हमारे घर में है."

"मतलब अभी अनमॅरिड जैसी ही."

"बिल्कुल जैसी थी वैसी," अब्बा म्हणाले.

अब्बा भल्ले खूश. पोरीच्या इज्जतीचा सवाल साता समुद्रापलीकडून आला आन् त्यायनं छाती काढून जवाब दिला. संध्याकाळी दुकानातल्या हमालालेही सांगत होते. मी दाराआड उभी राहून चुड्या घालून पाहत होती. बरोबर मापाच्या आहेत.

३० जून

पीआरसाठी जे पॉइंट मोजतात, ते दानियालचे वाढले म्हणे. इतके दिवस कमी पडून राहिले होते, आता एकदम वर गेले आन् अर्ज करायचं बोलावणं आलं. कसे वाढले विचारलं तं हसला. म्हणे, कन्सल्टंट हुशार आहे. खुदा त्या कन्सल्टंटले बरकत देवो. बाकी उकाड्यानं जीव चालला.

११ ऑगस्ट

अचलपूरच्या सरकारी दवाखान्यात नर्सची जागा लागली मले. ऑर्डर मागच्या महिन्यात हातात आली. अम्मी म्हणे, घे, तवर कर. मी म्हटलं, चार महिन्यात सोडून जायचं आन् उगाच कोणाची जागा अडवायची? नाही म्हणून कळवून टाकलं. शालू माह्याशी आठ दिवस बोलली नाही. ती त्याच यादीत माह्या खाली होती, मी सोडली तं तिचा नंबर लागला असता, तरी. तिले घ्या म्हणून यादी खाली सरकलीच नाही, जागाच रद्द झाली.

१४ नोव्हेंबर

आली! पीआर आली!

दानियालनं व्हिडिओ कॉल केला. तो रडून राहिला होता, त्याची अम्मी तिकडून रडत होती, माही अम्मी इकडून. अब्बानं बाजारात जो भेटला त्याच्या हातात संत्रा दिला. अम्मीनं माह्या रुखसतीची पेटी काढली, सगळे कपडे वाळत घातले, आन् कडुनिंबाचा पाला नवीन टाकला. मी दानियालले म्हटलं, आता माहा नंबर. तो म्हणे, हो हो, आता थोडा श्वास घेऊ दे.

घे बापा श्वास. दोन वर्ष मीही नाही घेतला.

१९ जानेवारी २०२५

आज लिहावं वाटत नाही. तरी लिहिते.

मले बोलावायचा अर्ज कसा करायचा ते समजून घ्यायले मी धर्मपाल सरांकडे बसली. सरांनी सगळं ऐकलं आन् एकच विचारलं, "तुमच्या नवऱ्यानं त्याच्या अर्जात तुमचं नाव टाकलं होतं ना?" मी म्हटलं, टाकलंच असंल, बायको आहे मी. सर म्हणाले, "असंल नाही. विचारा."

विचारलं. दानियाल म्हणे, "रुखसती किधर हुई थी?"

त्यानं 'अविवाहित' लिहिलं. एकट्या माणसाले पॉइंट जास्त भेटतात. आन् त्यायचा कायदा असा, का अर्जाच्या वक्ती जी बायको लपवली, तिले मंग बायको म्हणून कधीच बोलावता येत नाही. कधीच म्हणजे कधीच. सरांनी मले तीनदा समजावलं. पहिल्या दोन वेळी मी नुसती त्यायच्या टेबलावरच्या पृथ्वीच्या गोलाकडे पाहत होती.

दानियाल म्हणते, त्याले खरंच माहीत नव्हतं. कन्सल्टंटनं विचारलं, बायको सोबत राहिली का, तं नाही. नोंदणी झाली का, तं नाही. तं मंग लिहा अविवाहित. आपल्यात रुखसतीबिगर शादी पूरी कुठं मानतात, असं त्याले वाटलं. आन् खरं म्हणजे आपल्या मोहल्ल्यातही असंच बोलतात. मलेही लोकं 'निकाह झालेली पोट्टी' म्हणतात, दानियालची बायको कोणी म्हणत नाही. चूक झाली बिचाऱ्याची.

२१ जानेवारी

अकोल्याले गेलो. अब्बा, अम्मी, मी. त्यायच्या घरी सगळे बसले. साजिदनं सरळ अब्बाकडे बोट केलं. "वलीभाईनंच तं सांगितलं फोनवर, जैसी थी वैसी. कन्सल्टंटनं तेच लिहिलं. आता आमाले काहून बोलता?"

अब्बा, एवढा मोठा माणूस, बाजारात ज्याच्या आवाजानं लिलाव थांबते, तो पायातल्या चपलीकडे पाहत बसला. मले कीव यायले पाह्यजे होती. मले राग आला. मूर्तिजापूरपर्यंत मी गप्प बसली, मंग एसटीत सगळ्या लोकायसमोर बोलली, "ठेवा आता. पोरगी तुमचीच. कायमची तुमचीच." अम्मीनं माही मांडी चिमटली. अब्बा खिडकीबाहेर पाहत राहिले. घरी आल्यावर जेवले नाहीत.

मी माफी मागितली नाही. नाही मागणार.

९ फेब्रुवारी

धर्मपाल सरांनी खूप शोधलं. म्हणाले, एक वाट आहे, सध्या चालू आहे. ज्यानं घरचं माणूस लपवलं, त्यानं स्वतः पुढं येऊन कबूल करायचं आन् सवलत मागायची. भेटंल याची हमी नाही, पॉइंटचा फायदा घेतला असंल तं अवघडच. पण सरळ वाट तेवढी एकच.

दानियालले सांगितलं. "पागल है क्या? माही पीआर जाईल! माह्या चार वर्षाची मेहनत!" त्यानं फोन आपटला. पुन्हा लावला तं उचलला नाही.

बरोबरही आहे त्याचं. त्याचंच गेलं तं मी कोणाजवळ जाऊ? शालूले सांगितलं तं ती म्हणे, "त्याची चार वर्ष आन् तुही काय भाजीपाला होती का?" शालूचं तोंडच तसं आहे.

२ एप्रिल

परवा ईद झाली. या वर्षी साजिदले सवड नव्हती, ईदी कुरिअरनं आली. एक ड्रेस, मले दोन माप मोठा. चुड्या नाहीत. फुटतील म्हणून नसतील टाकल्या. अम्मीनं डबा उघडून पुन्हा बंद केला, कोणाले दाखवला नाही. उगाच मनाले लावून घेते ती.

खरी बातमी वेगळीच आहे! दानियालनं तोड काढली. त्याच्या कोणत्या दोस्तानं सांगितली म्हणे. हा निकाह मोडायचा आन् नवा लावायचा, नव्या तारखेचा. जुन्याची तर कुठं नोंदच नाही, मशिदीच्या रजिस्टरात तेवढी आहे. मंग मी नवीन बायको. नवीन बायकोले बोलावता येते. अकोल्याचे काझीसाहेब म्हणाले, निकाह असताना नवा निकाहनामा मी लिहून देणार नाही, पह्यले हा मोकळा करा. तलाक दानियालनं दिला तं आजकाल लफडे होतात, म्हणून खुला मी मागायचा. म्हणजे बायकोनंच म्हणायचं, मले सोडा. निकाहात ठरलेली मेहेरची रक्कम मी माफ करायची, तो मोकळं करणार, आन् मे महिन्यात येऊन नव्यानं निकाह आन् त्याच दिवशी रुखसती.

अब्बा नाही म्हणाले. म्हणे, गाठ सोडून पुन्हा बांधायची असंल तं सोडायचीच काहून? मी म्हटलं, तुमच्या एका वाक्यानं हे झालं, आता तुमी बोलूच नका. नाही बोलले.

मी खोटं बोलून राहिली त्या देशाशी, हे मले कळते. पण त्या देशाले माह्याशी काय करायचं? मी तिकडे जाऊन म्हाताऱ्यायचे डायपरच बदलणार आहे. एका खोट्यानं त्यायचं काय सांडते?

२० एप्रिल

झालं. काल अकोल्यात काझीसाहेबांकडे. दानियाल व्हिडिओवर होता, त्याच्या मागची भिंत पांढरी, नवीन फ्लॅट घेतला म्हणे भाड्यानं. काझीसाहेबांनी विचारलं, "खुला काहून मागतेस बेटा? मारते का? खर्च देत नाही का?"

मी म्हटलं, "कॅनडा."

साजिद फिदीफिदी हसला. काझीसाहेब नाही हसले. त्यायनं लिहिलं, "पटत नाही म्हणून." मी सही केली. दानियालनं तिकडून कबूल केलं, पटकन, मीटिंगमध्ये हजेरी देतात तसं. काझीसाहेब म्हणाले, रुखसती झाली नाही तं इद्दतही नाही, थांबायचं काही कारण नाही. मंग माह्याकडे पाहून हळूच म्हणाले, "बेटा, आजपासून तू मोकळी. तोही मोकळा. समजून घे." मी म्हटलं, जी, समजलं. म्हातारे लोकं उगाच गंभीर होतात.

येताना अब्बानं मूर्तिजापूरले उतरून माह्यासाठी उसाचा रस आणला. मी घेतला. तीन महिन्यानंतर त्यायच्या हातचं काही घेतलं.

२७ मे

मेमध्ये सुटी नाही भेटली. बकरी ईदले येतो म्हणते.

१६ जून

बकरी ईद झाली. गोदामात ऑडिट आहे म्हणे. डिसेंबरात नक्की. आजकाल फोन मीच करते, तिकडे दिवस असते तवा इकडे रात्र, त्याचे कामाचे तास बदलले आहेत, थकत असंल. मी रुखसतीचा लाल जोडा शिंप्याकडे दिला, कमरेत ढिला झाला. वजन कमी झालं माहं.

१० सप्टेंबर

शालू क्लासमध्ये घुसली आन् धर्मपाल सरांसमोर मले म्हणे, "तुहे इंग्रजीचे मार्क आहेत, डिग्री तपासून आली, अनुभव आहे. त्या देशाले नर्स पाह्यजेत. त्याची शेपूट कायले धरतेस? तुह्या नावानं अर्ज टाक."

मी म्हटलं, तो डिसेंबरात येऊन राहिला. सर म्हणाले, "येऊ द्या ना. प्रोफाइल भरून ठेवल्यानं कोणाचं बिघडत नाही." मंग भरली. एका ठिकाणी सर थांबले. "खुला झाला म्हणजे घटस्फोटितच ना?"

मी म्हटलं, "तात्पुरती."

सरांनी चश्मा काढून पुसला आन् ते भरलं. तिथं तात्पुरतीसाठी जागा नव्हती. शालूनं माह्या नावाचा चहा सांगितला आन् स्वतःच पिऊन टाकला.

२१ डिसेंबर

अकोल्याच्या एका केटररची मोठी ऑर्डर होती अब्बाकडे. लग्नाच्या जेवणाले संत्री, अननस, पपई. गाडीवाला आजारी, म्हणून अब्बा स्वतः माल घेऊन गेले.

संध्याकाळी आले. हात धुतले. पुन्हा धुतले. अम्मीनं विचारलं, माल उतरला का, तं हो म्हणाले. मंग माह्यासमोर येऊन खाली बसले. खुर्ची होती तरी खाली बसले. मले तवाच समजलं का काही झालं.

हॉलच्या दारावर फुलाची कमान, कमानीवर नाव. दानियाल. पोरीचं नाव अलीझा, फार्मसी शिकली, नागपूरची. अब्बा क्रेट उतरवून राहिले होते तवा तो घोड्यावरून उतरला. त्यानं अब्बाले पाह्यलं. अब्बाच्या डोक्यावर क्रेट होता. तो आत गेला.

"मंग तुमी काय केलं?" मी विचारलं.

"माल उतरवला," अब्बा म्हणाले. "केटररची काय चूक?"

निकाह आन् रुखसती एकाच दिवशी केली त्यायनं. आन् केटरर म्हणे, कोर्टात नोंदणी आधीच झाली होती. शिकले, म्हणायचं. माह्यावर शिकले.

मी रडली का? हो. वॉर्डात जे मेले त्यायच्या घरचे रडतात तशी, नाक-तोंड एक करून. अम्मी शिव्या देत होती, असल्या शिव्या तिले येतात हे मले या घरात जन्मून माहीत नव्हतं. हरामखोर. भेकड. तीन वर्ष माह्या हातानं सगळं पुसून घेतलं त्यानं. फोटो मी काढला, नोंदणी मी थांबवली, सोडा म्हणून सही मी केली. त्याचा हात कुठंच नाही लागला.

आन् मी म्हणत होती, थकत असंल.

४ जानेवारी २०२६

जुनी पानं वाचली. मटार, चुड्या, "दिखावा नाही आवडत". इतकी बावळट बाई वॉर्डात पेशंट म्हणून आली असती तं मी शालूले बोलावून दाखवली असती.

गल्लीत बातमी पोचली. दोन वर्ष ज्यायनं मले कुंवारी समजलं, त्या बाया आता मले तलाकशुदा म्हणतात. एक दिवस नांदली नाही मी. एक! अम्मीचं नाव घेऊन, कुलसुमबीची तलाकवाली, असं कोपऱ्यावर ऐकलं. मी थांबून म्हटलं, खुला आहे मावशी, नीट बोला. मंग घरी येऊन दार लावून घेतलं.

६ फेब्रुवारी

माह्या नावाचं बोलावणं आलं. कायमच्या परवान्यासाठी अर्ज करा, असं. मी ड्युटीवर होती, मोबाइल शालूनं पाह्यला आन् ती नर्सिंग स्टेशनवर इतक्या जोरानं ओरडली का मेट्रन पळत आली. मले आनंद झाला का ते मले अजून समजलं नाही. अम्मीनं मात्र बोहारणीपासून सगळ्यायले सांगितलं. अकोल्यापर्यंत गेलं असंल.

१५ फेब्रुवारी

गेलंच.

आज दानियालचा फोन आला. एप्रिलपासून ज्याले मीच फोन लावत होती, त्याचा. आधी मुबारकबाद. मंग अब्बाची तब्येत. मंग घसा खाकरला.

"नगमा, अर्जात आधीच्या शादीचं विचारतात. नाव, तारीख, कधी मोडली, सगळं."

"हो," मी म्हटलं.

"तू अविवाहित लिही ना. तुहं काय जाते? रुखसती तं झालीच नव्हती. नोंदही नाही कुठं. तुह्यासाठीच सांगून राहिलो, तलाकशुदा लिहिलं का बाईले लोकं…" मंग आवाज खाली आला. "अलीझाचा अर्ज टाकला आहे मी. त्यात पह्यली शादी लिहिलं. आन् माह्या पीआरच्या वक्ती… तुले माहीतच आहे. तोच देश आहे, नगमा. तिथं सगळं एका जागी जाते. जोड़ लिया उन्होंने तो मैं खतम हूँ."

मले हसू आलं, खरं सांगते. किती दिवसानंतर तो माह्याशी इतका वेळ बोलला! त्याच्या बोलण्यात दम लागून राहिला होता. मी विचारलं, "निकाह झाला होता का आपला?"

तो पुन्हा अलीझाच्या अर्जाचं बोलायले लागला.

"सांग ना. झाला होता का?"

"झाला होता," तो म्हणाला.

तीन वर्षात पह्यल्यांदा म्हणाला. मी फोन ठेवला.

१७ फेब्रुवारी

दोन दिवस झोप नाही. मेट्रन म्हणे, डोळे पाह्य तुहे. त्याच्यावर सूड म्हणून लिहू का? मले सूड घ्यायचाच आहे, खोटं काहून बोलू. पण ते सोडून पाह्यलं तरी वाट तीच निघते. त्यानं निकाह झाला असून कुंवारा लिहिलं, त्याले देश भेटला. मी एक दिवस नांदली नाही, आन् खरं लिहायचं तं मले घटस्फोटित लिहा लागते. खोटं लिहिलं तं मीही त्याच्यावानीच, रोज दाराची घंटी वाजली का दचकणार. आन् तो निकाहच झाला नव्हता असं लिहिलं, तं ही तीन वर्ष माही कोणत्या खात्यात गेली?

तिकडे ती नागपूरची पोरगी आहे. तिनं माहं काही बिघडवलं नाही. तीही आता पीआरवाल्या नवऱ्याचा फोन यायची वाट पाहत बसली असंल. तिच्यासाठी मले वाईट वाटते. तरी.

१८ फेब्रुवारी

आज सकाळी धर्मपाल सर लॅपटॉप घेऊन घरीच आले. शालूही आली, शेवंतीची जुडी घेऊन. अम्मी हॉलमध्ये मटार सोलत बसली होती. तिथंच बसलो सगळे.

सर वाचत गेले, मी सांगत गेली. वैवाहिक स्थिती. मी अब्बाकडे पाह्यलं. ते दाराजवळ उभे होते, दुकानात गेले नव्हते. मी त्यायले दानियालच्या फोनचं सगळं सांगितलं होतं. वर्षभर ज्यायले मी बोलू दिलं नाही, त्यायले विचारलं, "काय लिहू?"

"सातशे माणूस जेवलं होतं," अब्बा म्हणाले. "काय लिहू विचारतेस?"

घटस्फोटित. आधीच्या जोडीदाराचं नाव. मी स्पेलिंग सांगितलं. निकाहची तारीख मले एकदम आठवेना, खरंच आठवेना, ती अब्बानं सांगितली. कुठं झाला? अमरावती. कधी मोडला? एकोणीस एप्रिल दोन हजार पंचवीस. सरांनी पुन्हा एकदा वाचून दाखवलं, मंग विचारलं, पाठवू? मी म्हटलं, मी पाठवते. आन् बटन दाबलं.

सरांनी लॅपटॉप मिटला. मंग अम्मीनं विचारलं, आता तुहं काम होते का? मी म्हटलं, माहीत नाही. त्याचं जाते का? मी म्हटलं, तेही माहीत नाही. अम्मीनं मटाराची शेंग फोडली. "एवढं करून काहीच माहीत नाही," ती म्हणाली.

अब्बा येऊन तिच्याजवळ खाली बसले आन् ताटातला मटार सोलायले लागले. त्यायले येत नाही, दाणे घरभर उडतात.

"काम झालं तं," ते मान खाली घालूनच म्हणाले, "बडनेऱ्याच्या स्टेशनावर गाडीत मी बसवून देईन हिले. पेटी मी उचलीन. रुखसती मी करतो."